नायक कोण, मामाचा तांडा कोणता

मी संशयी माणूस आहे. भाजीवालीनं फुकटची कोथिंबीर घातली, तरी मी खालचे टोमॅटो उलटून बघतो. बायको म्हणते, हा तांड्याचा दोष. मी आजवर त्याला गुणच म्हणत आलो.

पुसेगावपासून सायकलनं अर्ध्या तासावर आमचा तांडा. तिथं कुणी नवखा आला आणि ‘मी तुमच्यातलाच’ म्हणाला, की बाजेवर बसवण्याआधी त्याला चार गोष्टी विचारायच्या. गोत कोणतं, त्यातला पाडा म्हणजे पोटकूळ कोणतं, तुमच्या तांड्याचा नायक म्हणजे मुखिया कोण आणि मामाचा तांडा कोणता. बाकीचं माणूस पाठ करून येतो, मामापाशी मात्र खोटा अडकतोच, असं जुनी मंडळी सांगायची. मी शाळेत होतो तेव्हा, नव्वदनंतरच्या एखाद्या वर्षी, असाच एक जण आला. इस्त्रीचे कपडे, आमची गोरमाटी बोली अगदी सफाईची. परदेशातल्या पुस्तकात जुन्या दागिन्यांचे फोटो छापायचेत म्हणाला. नायक परगावी गेलेला, त्यामुळं त्याला कुणी काही विचारलं नाही. आईची चांदीची हसली फोटोसाठी म्हणून गेली ती गेलीच. आई रडली नाही, पण पुढं कित्येक महिने बोलता बोलता तिचा हात रिकाम्या गळ्याकडं जायचा. विचारल्याशिवाय कुणाला बसवून घ्यायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

पुढं मी सेनगावात कॉम्प्युटरचा क्लास काढला. दोन हजारनंतरची ती वर्षं. पोरं यायची टायपिंग शिकायला आणि बसायची मैत्रीच्या एका साइटवर एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहीत. त्या साइटचं वेड मलाही लागलं. तिथं आमच्या समाजाची एक कम्युनिटी मी सुरू केली. यवतमाळ, नांदेड, पार कर्नाटकातली पोरं तिच्यात आली. आत यायचं तर तांड्याचेच चार प्रश्न, असा नियम मी नंतर ठेवला. उत्तरं सगळ्यांनी एकाच पानावर लिहायची, म्हणजे ओळखपाळख होईल. त्या पानाचा मला फार गर्व होता.

एक जण आला, स्वतःला आखातात कामाला आहे म्हणवणारा. चारही उत्तरं चोख, मामाचा तांडा तर नदीनाल्यासकट सांगितला. थोड्या दिवसांनी त्यानं लिहायला सुरुवात केली. पोलिओच्या डोसात परदेशी कंपन्यांनी औषध घातलंय, आपल्या पोरींना पुढं मूल होणार नाही, आपला वंश बुडवायचा डाव आहे. पोरं भराभर ‘बराबर आहे’ म्हणू लागली. परदेशात बसलेला माणूस परदेशाची भीती घालतोय, हे मला त्या वेळी खटकायला हवं होतं. पण त्याला मी तपासून घेतलं होतं, मग काय.

विरोधात एकटीच बोलली, पुण्याकडं नर्सिंग शिकणारी एक मुलगी. हे डोस मी स्वतः लेकरांना पाजलेत, तुम्ही म्हणता तसं त्यात काही नाही, असं तिनं शांतपणे समजावून लिहिलं. मला लगेच वास आला. एवढी काहून डोसांच्या बाजूनं बोलते ही? माझ्या नियमाआधीपासूनची सभासद, उत्तरं दिलेली नव्हती. मी सगळ्यांसमोर चार प्रश्न टाकले. तिनं गोत सांगितलं. पाडा आणि नायक ठाऊक नव्हते. आईबाप ऊसतोडीला गेले ते तांड्याला परतलेच नाहीत, आई कारखान्यावरच वारली, मी वसतिगृहात वाढले, मामाचं विचारायला आता कुणी उरलं नाही, असं तिनं लिहिलं. ते वाचून मला आईचा रिकामा गळा आठवला आणि दया येण्याऐवजी राग आला. हे सोंग आहे, हिला कंपनीनं पेरलंय, असं लिहून मी तिला काढून टाकलं. आखातवाल्यानं माझी पाठ थोपटली. तिचा शेवटचा निरोप माझ्या पानावर आला होता: ‘दादा, मला काढा, पण घरात लहान बाळ असेल तर डोस चुकवू नका.’ तोही मी क्लासमधल्या पोरांना दाखवला. बघा म्हटलं, कशी हात धुऊन मागं लागलीय.

घरात बाळ होतं. थोरल्या भावाची लेक, नुकती बसायला लागलेली. आखातवाल्याचा मजकूर मी छापून तांड्यावर नेला आणि नायकासमोर वाचून दाखवला. शिकलेला मी, कॉम्प्युटरवाला. पुढच्या पोलिओ रविवारी बूथवर आमच्याकडचं एकही लेकरू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरल्या आणि राहिलेल्या घरांच्या दारांवर खडूनं फुल्या मारून गेल्या. जवळजवळ सगळ्याच दारांवर फुल्या. मला ते बघून बरं वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

मग एक दिवस क्लासमधला धनगराचा मुलगा आपल्या समाजाची कम्युनिटी उघडून बसला होता. त्याच्या मागून जाताना मी थबकलो. आखातवाल्याचाच फोटो, तोच डोसाचा मजकूर, फक्त समाजाचं नाव बदललेलं. इथं हा गडी मेंढपाळाचा मुलगा झाला होता आणि मामाचं गाव इथंही अचूक सांगत होता. शोधल्यावर आणखी दोन समाजांत तोच सापडला. कुठला होता, कुणाचा होता, एक होता की चार, मला आजही माहीत नाही. मामाचे तांडे त्यानं कुठून उचलले ते मात्र त्याच मिनिटाला कळलं. आमच्याच पानावरून, जे मी बाहेरच्यांनाही वाचता येईल असं उघडं ठेवलं होतं. मी त्या मुलीचं पान शोधलं. ते बंद झालं होतं.

संध्याकाळी त्या दुसऱ्या समाजांतले मजकूर छापून मी तांड्यावर नेले, वाचून दाखवले आणि सगळं कबूल केलं. नायक म्हणाले, ‘तवा बी कागद वाचला, आता बी कागदच वाचून राहिला. कोन्ता खरा धरावं आमी?’ काहींनी ऐकलं, काही उठून गेले. भाऊ सगळ्यांदेखत बोलला, ‘कंपनीनं तुलाबी गाठलेलं दिसतंय.’ तो थट्टा करत नव्हता. सख्ख्या भावाला मी विकला गेलेला वाटत होतो, आणि तसा संशय घ्यायला त्याला मीच शिकवलं होतं.

सकाळी अंगणवाडीच्या ताई नर्सबाईंना आणि त्यांच्या डोसाच्या निळ्या डब्याला घेऊन पुन्हा आल्या. भाऊ मुद्दाम शेतावर निघून गेला होता. वहिनी लेकराला कडेवर घेऊन दारात उभी होती, पाठीमागं फुली. ताईंनी हात पुढं केला, तरी ती हलेना. मी म्हटलं, ‘द्या वहिनी, ती पोरगी खरी होती.’

‘खरी व्हती, खोटी व्हती, मला काय करायचं तिचं?’ वहिनी ताईंसमोर मला म्हणाली. ‘तिचं गोत इचारलं, नायक इचारला, मामा इचारला. ती सांगत व्हती ते खरं हाय का, हे कुनाला इचारलं तुमी, भाऊजी?’

मग ती नर्सबाईंकडं वळली आणि त्यांनाच विचारू लागली. यात काय असतं, कोणी दिलं, तुमच्या लेकराला पाजलं का, ताप आला तर काय करायचं. नर्सबाई उंबऱ्यावर बसून एकेकाचं उत्तर देत होत्या. शेवटी वहिनीनं लेकराचं तोंड उघडलं. करंगळीला शाई लागली तेव्हा लेकरू मोठ्यानं रडलं.

त्या नर्सबाई ज्या उपकेंद्रात बसायच्या, ते सेनगावच्या रस्त्यावर होतं. क्लासला जाता-येता मी दिवसातून दोनदा त्याच्या दारावरून जात होतो.