वर्तुळाशेजारची स्कूटर

लष्करी ड्रोन सुरक्षित आहेत का, हे तपासून दाखला देणारे हे गृहस्थ आमच्या अंबडच्या कारखान्यात आले की आधी आपली जुनी स्कूटर पुसतात आणि मग नमस्कार करतात. मी युद्धविरोधी पत्रकं वाचत वाढलो आणि पोटासाठी तिथे ड्रोनची माहितीपुस्तकं लिहितो, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला मी कायम तयार असे. ते मात्र माझ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहीत, "पाहिलंत?"

'संपर्क तुटल्यास ड्रोन स्वतःहून परत येऊन उतरण्यासाठी आखलेल्या वर्तुळात उतरतो,' असं मी लिहिलं होतं. पेठ रस्त्यालगतच्या माळावर त्यांनी मुद्दाम संपर्क तोडला. ड्रोन परत आला, पण पलीकडच्या शेतात उतरला.

"ओ साहेब, तुमचं इमान आमच्या नागलीत बसलंय!" तिथे खुरपणाऱ्या मावशी हसत ओरडल्या.

"वाऱ्यानं झालं, साहेब. सही करून टाका, उद्या माल जायचाय," मालक म्हणाले.

"मावशी दोन हात बाजूला होत्या, म्हणून हसतायत," तपासणारे गृहस्थ म्हणाले. पेन खिशात गेलं, आणि माझं वाक्यही खोडलं गेलं.

महिन्याभराने, ड्रोनमधला दोष दुरुस्त झाल्यावर, पुन्हा चाचणी झाली. या वेळी त्यांनी आपली लाडकी स्कूटर वर्तुळाच्या अगदी कडेला लावली. आम्ही सगळे जाळीमागे उभे होतो. ड्रोन आला आणि वर्तुळाच्या मधोमध अलगद बसला. मावशींनी बांधावरून टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. युद्ध मला आजही नकोच आहे, पण अशी सही हवी आहे.

सही करून त्यांनी स्कूटरवरची धूळ पुसली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आता लिहा ते वाक्य."