खुराला दुखत नाही

बैल वर्गाच्या मधोमध आडवा पाडला होता. पुढचे दोन पाय दोरीने बांधलेले, मागचे दोन एका पोराने दाबून धरलेले, डोक्याखाली पाटीची पिशवी. बैलाचं नाव इरण्णा. वय वर्षं पाच. त्याच्या उजव्या पायाशी चंद्री उकिडवी बसली होती. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात दगड.

मी दारात होते. माझ्या मागे हेडमास्तर, आणि त्यांच्या मागे शाळा तपासायला आलेले डेप्युटीसाहेब.

मी ओरडले, पण माझ्या ओरडण्याआधी दगड खाली आला होता.

हे असं कसं झालं ते क्रमाने सांगते.

गोष्ट तिसाच्या पुढच्या सालांतली. सोलापुरात एका गिरणीने कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. तिला जोडून लहानग्यांचा वर्ग उघडला. कागदोपत्री त्याला किंडरगार्टन म्हणत, चाळीत 'बाईंची खोली' म्हणत. तीन ते सहा वर्षांची चाळीसेक मुलं. काहींच्या घरी कानडी, विणकरांच्या घरी तेलुगू, पण मराठी सगळ्यांना येई.

वर्ग कशासाठी होता ते सांगितलं पाहिजे. आया सकाळच्या भोंग्याला गिरणीत जात. तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवत आणि चालत्या-बोलत्या पोरांना खोलीत घालून बाहेरून कडी लावत. त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता. दुसरी सोय नव्हती. वर्ग निघाल्यापासून निदान ही चाळीस मुलं कडीतून सुटली होती. पण मॅनेजरसाहेबांना हा फुकटचा उद्योग वाटे. त्यांनी हेडमास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "डेप्युटीचा रिपोर्ट चांगला आला तर वर्ग चालेल. नाही आला, तर ती खोली मला सूत ठेवायला पाहिजे आहे."

आणि मी. मी बी.ए. आमचं गाव वळसंगच्या बाजूला. घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीही पाहिली नव्हती. हे मी तेव्हा अभिमानाने सांगायची, कुणी विचारलं नाही तरी सांगायची. हायस्कुलात जागा नव्हती म्हणून हा वर्ग घेतला. आधी मुंबईला जाऊन बालशिक्षणाचा कोर्स केला. तिथे एक सूत्र घोटून घेतलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. म्हणजे मुलाला जे माहीत आहे त्याचा हात धरून जे माहीत नाही तिथे न्यायचं. मला ते फार पटलं होतं.

त्या महिन्याचा पाठ होता शेतावरचे प्राणी. पाठासाठी विलायतेहून एक रंगीत तक्ता आला होता. मी तो भिंतीला लावला. गायीवर छडी ठेवली.

"ही कोण?"

कुणी बोलेना. मग चंद्री उठली. ही चंद्री साडेपाच वर्षांची, वर्गातली सगळ्यात धीट. तक्त्याजवळ जाऊन तिने नीट पाहिलं.

"बाई, हिचं वशिंड कुनी कापलं?"

विलायती गायीला वशिंड नसतं हे मलाही तेव्हाच कळलं. पोरं घाबरून तक्त्याकडे बघायला लागली. धाकटं एक रडायला लागलं. मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि ठरवलं, खरी जनावरं दाखवायची.

गिरणीच्या फाटकाबाहेर गाडीतळ होता. कापसाच्या गाठी घेऊन बैलगाड्या तिथे येत. लिंबाखाली एक म्हातारे नालबंद बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. दगडी सडकेवर बैलाचे खूर झिजतात, म्हणून खुरांना लोखंडी पत्री मारावी लागते. घोड्याचा खूर एकसंध, त्याला एक नाल. बैलाचा दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, सगळ्या मिळून आठ. मी मुलांना दोन-दोनाच्या रांगेत तिथे नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा चाचांनी नुकताच एक खिलारी बैल पाडला होता. दोरी पायांत गुंतवून, एका हिसक्यात. डोक्याखाली गोणपाट सरकवलं, पाय बांधले, खूर तासले, पत्री ठेवली आणि खिळा ठोकला.

मुलांनी एकदम हंबरडा फोडला. चाळीस मुलं. गाडीवान गाड्यांवरून उठून बघायला लागले.

"आरं, काय झालं काय? कोन मेलं?"

"बाई, बैलाला खिळा मारला!" इरण्णा माझ्या पदराला धरून ओरडत होता. हा शांत मुलगा, गंगव्वाचा थोरला. गंगव्वा वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती. वर्षापूर्वी गाव सोडून आलेली. तिच्या पोराने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

मी सगळ्यांना गप्प केलं. सूत्र आठवलं. माझा हात पुढे धरला.

"हे काय आहे?"

"नख."

"नख कापलं तर दुखतं का?"

"न्हाई."

"बैलाचा खूर म्हणजे बैलाचं नख. नखाला दुखत नाही, म्हणून खुराला दुखत नाही. त्याला खिळा मारला तरी कळतसुद्धा नाही."

रडणं थांबलं. सगळे आपापली नखं बघायला लागले. मला फार बरं वाटलं. आजूबाजूच्या गाडीवानांकडे मी जरा ऐटीनेच पाहिलं.

चाचा खालूनच म्हणाले, "खिल्ला बाहर कू निकलना, बाई. अंदर घुसा तो जनावर गया कामसे."

ते वाक्य मी मुलांना समजावून सांगितलं नाही. लहान मुलांना अर्धंच सांगावं, असं मला तेव्हा वाटे.

पुढचे पंधरा दिवस वर्गात दुसरा खेळ नव्हता. कोर्समध्ये शिकवलं होतं, पाठ झाला की मुलांकडून तो अभिनयाने करून घ्यावा. कुणी बैल व्हायचं, कुणी चाचा. चंद्री कायम चाचा. पेन्सिलीचा तुकडा खिळा, मूठ म्हणजे हातोडी. बैलाने हंबरायचं, उठायचं, आणि टकटक करत वर्गाला फेरी मारायची. डेप्युटीसाहेबांना हाच खेळ दाखवायचा, असं मी ठरवून ठेवलं.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. साहेबांची ओळख करून द्यायला. मी मुलांना म्हटलं, "मी येईपर्यंत बैलाचा खेळ खेळा."

ऑफिसात मला पाच मिनिटं लागली. दोन मिनिटं मी बी.ए. असल्याचं सांगण्यात गेली.

चंद्रीने गाडीतळावरून एक खिळा उचलून परकराच्या ओच्यात आणला होता हे मला माहीत नव्हतं. साहेब येणार म्हणून तिला खेळ खराखुरा करायचा होता. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी ठेवलेला दगड तिने घेतला. पत्री म्हणून काड्यापेटीचा पुठ्ठा इरण्णाच्या अंगठ्यावर ठेवला. इरण्णा स्वतःहून आडवा पडला. त्याला बैल व्हायला आवडायचं.

मी धावत जाऊन चंद्रीला बाजूला ढकललं. खिळा अंगठ्याच्या नखात उभा होता. पुठ्ठा लाल झाला होता. मला दोरीची गाठ सुटेना. हेडमास्तरांनी सोडवली. खिळा मी ओढला.

इरण्णा रडत नव्हता. डोळे विस्फारून तो पायाकडे बघत होता आणि मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. म्हणाला,

"बाई, दुखतंय की!"

आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या. इतकं कशाने लागलं नाही.

मी पदराने पाय बांधला, त्याला उचललं आणि गिरणीच्या दवाखान्यात पळाले. कंपाउंडरने आयोडीन लावलं तेव्हा तो पहिल्यांदा रडला. हाड वाचलं होतं. नख जाणार होतं.

त्याला कडेवर घेऊन परत आले तर वर्गात हेडमास्तरांनी चंद्रीचा कान धरला होता. डेप्युटीसाहेब माझ्या खुर्चीवर बसले होते.

"कोणी सांगितलं तुला हे करायला?" हेडमास्तर विचारत होते.

"बाईंनी." चंद्रीने कान सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "नखाला दुखत न्हाई म्हनल्या. बैलाला खिळा मारला तर कळत बी न्हाई."

हेडमास्तर माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोरीच्या बोलण्याला कोण विचारतो? तुम्ही फक्त 'नाही' म्हणा. मुलगी द्वाड आहे, तिचं नाव काढून टाकू. वर्ग वाचेल."

साहेबांनी विचारलं, "बाई, ही म्हणते ते खरं आहे?"

मी चंद्रीकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. बाई आता हो म्हणतील, याची तिला खात्री होती. तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पाठ तिने चोख केला होता.

'नाही' म्हणावं असं मनात आलं. खोटं कशाला सांगू? चाळीस मुलांचा वर्ग एका शब्दावर होता. माझं बी.ए.ही होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "मीच शिकवलं. तिने फक्त करून पाहिलं."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी वहीत लिहिलं आणि ते उठले. जाताना जमिनीवर पडलेला तो दगड पायाने बाजूला केला.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर मी गंगव्वाच्या खोलीवर गेले. फाटकातच तिला बातमी लागली होती. इरण्णाला मांडीवर घेऊन ती बसली होती. कोपऱ्यात तिची तान्ही धाकटी निजली होती. बाहेर चाळ गोळा होऊन गलका चालला होता, तरी ती पोर हलत नव्हती. ती तशी का निजली आहे ते मला माहीत होतं.

मी उभी राहिले. "गंगव्वा, चूक माझी आहे."

"बसा तरी." तिने पोतं पुढे सरकवलं. "बाई, तुमी बी.ए. न्हवं?"

"हो."

"मंग बैलाला दुखत न्हाई ह्ये तुमाला कुनी सांगितलं? खिळा जरा आत गेला की लई दुखतं. आमचा बैल चार दिस पाय टेकत नव्हता."

"माझ्या वडिलांनी सांगितलं."

"केवढ्या हुता तुमी?"

"पाच-सहा वर्षांची."

गंगव्वा हसली. "रडत आसाल. ल्हान पोराला तसंच सांगत्यात की."

मी रडत होते हे खरं होतं. अंगणात आमचा तांबडा बैल पाडला होता आणि मी वडिलांच्या धोतराला धरून रडत होते. त्यानंतर तांबडा आठ दिवस लंगडला. वडील म्हणाले, काटा मोडला असेल. ते मी वीस वर्षं खरं मानलं. कॉलेजात गेले, परीक्षा दिल्या, पदवी घेतली, आणि रडणाऱ्या पोरीला गप्प करायला सांगितलेली ती गोष्ट ज्ञान म्हणून चाळीस मुलांना वाटली. 'ज्ञात' म्हणून मी जिथून निघाले होते, तेच मला ज्ञात नव्हतं.

निघताना मी भीतभीत विचारलं, "इरण्णाला पाठवाल?"

"धाडीन की. घरात ठिवून काय करू, कडी लावू?" तिने धाकटीकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. "पर बैल आता दुसऱ्याला करा."

रिपोर्ट महिन्याने आला. तोवर मी रोज वर्गात शिरताना खोलीत सूत आलं आहे का ते आधी बघत असे. हेडमास्तरांनी मला बोलावून तो मोठ्याने वाचला. लहानग्यांच्या वर्गाबद्दल चारच वाक्यं होती. पाठ मुलांच्या पूर्ण लक्षात राहतो हे प्रत्यक्ष पाहिले. बाईंनी तुलना जपून करावी. दाराला दगड न लावता आकडा बसवावा. वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही.

"नशीबवान आहात," हेडमास्तर म्हणाले.

"आकडा कधी बसवताय?" मी विचारलं.

तोच पाठ मी पुन्हा घेतला. पहिल्यापासून. पुन्हा गाडीतळावर गेलो. या वेळी मी चाचांनाच विचारलं, मुलांच्या देखत. त्यांनी तासलेला खूर उलटा करून दाखवला. बाहेरचा भाग नखासारखा, आत जिवंत मांस. खिळा बाहेरून बाहेर गेला पाहिजे. मुलं वाकून वाकून बघत होती. चंद्रीने खिसा, ओचा, मुठी सगळं दाखवून मगच मला परत येऊ दिलं.

वर्गात येऊन मी विचारलं, "मग खुराला दुखतं का?"

कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांनी माना वळवल्या इरण्णाकडे. त्या विषयात आता तोच मोठा होता. त्याने विचार केला. पायाला अजून हळदीची चिंधी होती.

"मारनाऱ्यावर हाय," तो म्हणाला.

पुढे मी तीस वर्षं शिकवलं. 'दुखत नाही' हे वाक्य पुन्हा कुठल्या वर्गात उच्चारलं नाही. देवी टोचायला माणूस येई तेव्हा इतर वर्गांतले मास्तर म्हणत, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं." मी म्हणायची, "दुखेल. थोडा वेळ." माझ्या वर्गातली मुलं इतरांपेक्षा जास्त रडायची. पण रडत रडत हात पुढे करायची.