दहा फोडींची संत्री

अमरावतीच्या त्या शाळेत चार मुख्याध्यापक आले आणि गेले, बाकं दोनदा बदलली, खडूचा फळा जाऊन पांढरा बोर्ड आला. बदलल्या नाहीत त्या फक्त बेबीताई. हुद्दा शिपायाचा, नोकरी सव्वीस वर्षांची, आणि दरारा असा की नवे शिक्षक रुजू झाले की मुख्याध्यापकांच्या आधी यांना नमस्कार करत.

दर हिवाळ्यात बी.एड.ची पोरंपोरी सराव पाठ घ्यायला शाळेत येत. नवशिक्या मास्तराला पोरं खाऊन टाकतात, म्हणून वर्गाच्या दाराशी स्टूल टाकून बेबीताईंनी बसायचं आणि गोंधळ वाढला की डोळे वटारायचे, असं ठरलेलं होतं. त्या स्टुलावर बसून त्यांनी हजारावर पाठ ऐकले. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ ही सगळी उतरंड त्यांना तोंडपाठ झाली. स्वतः दहावीला गणितात आपटलेल्या, पण पाठ संपवून घाम पुसत बाहेर आलेल्या पोरीला त्या सहज म्हणत, "हेतुकथन गाळलं तुमी, मॅडम. पोट्ट्यायले कळलंच नाई आज काय शिकाचं हाये." ते खरंच असे. म्हणून पोरी परीक्षकांपेक्षा त्यांना जास्त भीत.

मास्तर व्हायला काय काय लागतं, हेही त्या कोणालाही बोटांवर मोजून सांगत. "आधी डिग्री. मंग सीईटी. मंग दोन वर्षं बी.एड. मंग टीईटी. मंग अजून एक परीक्षा. मंग कॉम्प्युटरवर नाव टाकाचं अन् वाट पायत बसाचं. तेवढ्यात तं संत्र्याचं झाड लावून फळाले येते, बाप्पा."

संत्र्याचं त्यांना कळणारच. माहेर शेंदूरजनाघाटचं. लहानपण गेलं ते संत्र्यांच्या ढिगात बसून मोठी-बारकी वेगळी करण्यात. तिथंच त्यांना एक गोष्ट कळली होती. संत्र्याच्या देठाची हिरवी टिकली नखानं उचकटली, की खाली बारीक ठिपक्यांचं कडं दिसतं. जितके ठिपके, तितक्या आत फोडी. या विद्येवर बेबी नावाच्या त्या परकरी पोरीनं व्यापाऱ्यांच्या मुनिमांशी पैजा लावून लावून गावभरच्या बोरं-चिंचा जिंकल्या होत्या.

पुढं ही विद्या शिक्षणशास्त्राच्या कामी आली. झालं असं, की पास झालेली पोरं पाठाच्या टाचणवह्या शाळेतच टाकून जात. मुख्याध्यापक म्हणत, रद्दीत घाला. बेबीताईंनी त्या एका लोखंडी पेटीत घातल्या. दुसऱ्या वर्षीची पोरं आली, की पेटी उघडायची. ज्याला जो पाठ हवा, तो त्यानं नकलून घ्यावा. बेबीताईंची अट एकच, नोकरीची ऑर्डर आली की मले दाखवाले यायचं. सव्वीस वर्षांत नऊ जण आले. त्या नऊ जणांची नावं त्यांना पाठ होती.

पेटीतला हुकमी एक्का म्हणजे 'दशांश अपूर्णांकांची ओळख', इयत्ता सहावी. नाव आता कोणाला आठवत नाही, अशा कोण्या पोरीनं लिहिलेला पाठ. शिक्षकानं संत्रं सोलायचं, फोडी किती ते विचारायचं. अपेक्षित उत्तर, 'दहा'. एक फोड म्हणजे एक दशांश, तीन फोडी म्हणजे तीन दशांश. परीक्षक खूश. अकरा जण या पाठावर वार्षिक परीक्षा पास झाले. संत्र्यात दरवेळी दहाच फोडी कशा निघतात, हे त्या अकरांपैकी एकानंही विचारलं नाही. आदल्या दिवशी बेबीताई टोपलीभर संत्र्यांच्या टिकल्या उचकटून ठिपके मोजत आणि दहावाली तेवढी बाजूला काढत. टिकली पुन्हा बसवून टाकली की ब्रह्मदेवालाही पत्ता लागत नसे.

हे गुपित एकटीला ठाऊक होतं. त्यांच्या पोरीला, रागिणीला.

रागिणी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. टीईटी बी.एड. करता करताच पहिल्या झटक्यात काढली होती. पण वर्गासमोर उभी राहिली की मागं बसलेल्या निरीक्षकाकडं लक्ष जायचं आणि जीभ टाळूला चिकटायची. मागच्या सराव पाठात हेतुकथनापाशीच गाडी थांबली ती थांबली. आता वार्षिक पाठ. यात नापास झाली तर पुरं वर्ष पाण्यात. त्यात कॉलेजनं चिठ्ठ्या टाकल्या आणि शाळा आली ती आईचीच.

"शाळेत मी तुही माय नाई," बेबीताईंनी आधीच बजावलं. "बेबीताई म्हणाचं. नाई तं लोक म्हणतीन, मायनंच पास केली. अन् पाठ संत्र्याचा घ्यायचा."

"मी माहा पाठ लिहिला हाये."

"तुह्या पाठाचं मांगच्या खेपी काय झालं थे आयकलं मी. संत्र्यायवर अकरा जणं पास झाले."

"त्याच्यात शिकवाचं काय असते पण? दहा फोडी निघतात, पोट्टे दहा म्हणतात अन् घरी जातात."

"शिकवाचं मंग जिंदगीभर," बेबीताई म्हणाल्या. "आधी पास व्हायचं असते."

रागिणी टाचण नकलू लागली.

फेब्रुवारीतला शनिवार. रागिणीचे मामा किसनराव यांनी गावाहून मृग बहराची संत्री पाठवलेली. बेबीताईंनी दोन पिशव्या केल्या होत्या. लाल पिशवीत पाठासाठी दहा फोडींची सहा संत्री, ठिपके दोनदा मोजून घेतलेली. पिवळीत उरलेली, पाहुण्यांसाठी. अकोल्याहून बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या, गावंडे मॅडम. गणिताच्या. त्यांना म्हणे जिना चढतानाही पायऱ्या मोजायची सवय होती. आता परीक्षक दारी यावा आणि मुलखातलं संत्रं न खाता जावा, हे वऱ्हाडात कसं व्हायचं? मुख्याध्यापकांनी ऑफिसातून हाक मारली, "बेबीताई, मॅडमले काही आणा!" बेबीताईंचं सगळं लक्ष सकाळपासून पोरीच्या पाठाकडं होतं. हाताशी आली ती पिशवी त्यांनी उचलली, एकेक संत्रं पदरानं पुसलं, ताटलीत रचलं आणि नेऊन ठेवलं. गावंडे मॅडमनी फायली चाळता चाळता तीन संत्री संपवली. उरलेली तीन मुख्याध्यापकांनी.

घंटा झाली. सहावी ब चा वर्ग. गावंडे मॅडम मागच्या बाकावर, बेबीताई दाराशी स्टुलावर. रागिणीनं प्रस्तावना केली. हेतुकथनही निभावलं. बेबीताईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मग रागिणीनं टेबलाखालून पिशवी काढली.

पिशवी पिवळी होती.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. बेबीताई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. आता करणार काय? दहावाली संत्री परीक्षकांच्या पोटात होती.

रागिणीनं संत्रं सोललं. "किती फोडी आहेत?"

पहिल्या बाकावरच्या पोरीनं मन लावून मोजल्या. "अकरा, मॅडम."

रागिणीनं टाचणाकडं पाहिलं. टाचणात 'दहा' होतं. तिनं दाराकडं पाहिलं. तिथं आई पदराचं टोक तोंडात धरून बसलेली. झालं, पोरीची गाडी थांबली, मीच थांबवली, असं बेबीताईंच्या मनात आलं आणि त्यांना रडूच यायला लागलं.

"मॅडमच्या वहीत दहा लिहिलंय," रागिणी एकदम म्हणाली. "वही चुकली."

पोरं खो-खो हसली. रागिणीही हसली. वही मिटून तिनं टेबलावर ठेवली आणि एकेका रांगेत एकेक संत्रं दिलं. "सोला अन् मोजा." नऊ निघाल्या, बारा निघाल्या, पुन्हा अकरा निघाल्या, एकात तेरा. तिनं बोर्डावर लिहिलं, एक छेद नऊ, एक छेद अकरा, एक छेद बारा, एक छेद तेरा. "सगळी संत्री सारखीच मोठी, सगळ्या फोडी सारख्या, असं समजू. एकच फोड मिळणार. कोणत्या संत्र्याची घ्याल?"

"तेरावाल्याची!" सागर नावाचं एक पोरगं ओरडलं. "तेरा मोठे हायेत!"

"हट्! जास्त लोकायत वाटलं तं कमीच येते ना बे!" मागून कोणीतरी. मग जी भांडणं लागली, ती बघण्यासारखी. नेहमी असल्या वेळी बेबीताई डोळे वटारत. आज त्यांनी वटारले नाहीत, कारण पोरं चक्क अपूर्णांकांवरून भांडत होती. शेवटी सागरनं हार मानली. पण तो हाडाचा व्यवहारी. म्हणाला, "पण मॅडम, सोलल्याबगर कसं समजन नऊवालं कोणतं?"

रागिणी थांबली. हे थांबणं वेगळं होतं. तिनं दाराकडं पाहिलं, बेबीताईंना तिच्या मनातलं ओळखू आलं आणि त्या मान हलवून नको-नको करू लागल्या.

"आपल्या शाळेत हे सांगणारं एक माणूस आहे," रागिणी म्हणाली. "बेबीताई, आत या."

सव्वीस वर्षांत त्या झाडू घेऊन वर्गात शिरल्या होत्या, खडू घेऊन, हजेरीपट घेऊन. रिकाम्या हातानं पहिल्यांदाच शिरल्या. पिशवीतलं एक संत्रं रागिणीनं त्यांच्या हाती दिलं. त्यांनी नखानं टिकली उचकटली, डोळे बारीक केले. "नऊ," त्या पुटपुटल्या. सागरनं सोललं. नऊ. वर्गानं असा गजर केला की शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले. मग बेबीताईंनी बोट टेकवून ठिपके दाखवले, रांगेनं, शेवटच्या बाकापर्यंत. शेवटच्या बाकावर गावंडे मॅडम होत्या. त्यांनीही वाकून मोजले.

तास संपल्यावर मॅडमनी दोघींना थांबवून घेतलं.

"मी सकाळी तीन संत्री खाल्ली," त्या बेबीताईंना म्हणाल्या. "तिन्हींत दहाच फोडी. मनात म्हटलं, योगायोग असेल. आता नाही वाटत."

बेबीताईंना खोटं बोलता आलं असतं. बोलवलं नाही. पेटी, टाचण, अकरा पास, लाल पिशवी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "चूक माही हाये, मॅडम. पोट्टी नाईच म्हणे. तिले नापास नोका करू."

मॅडमनी रागिणीचं टाचण उघडलं. "यातला अर्धा पाठ वर्गात आलाच नाही."

"नाही, मॅडम," रागिणी म्हणाली.

"या बाई तुमच्या कोण?"

बेबीताईंनी मागं उभं राहून हातानं खूण केली, काही सांगू नको म्हणून.

"आई," रागिणी म्हणाली.

गावंडे मॅडमनी लाल पेन काढलं. सव्वीस वर्षांत बेबीताई परीक्षकांचं लिहिणं उलट्या बाजूनंही वाचायला शिकल्या होत्या. टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात रागिणीनं लिहिलं होतं, संत्री, ताटली. त्यापुढं मॅडमनी स्वल्पविराम देऊन लिहिलं, 'आई'. आणि खाली, 'साहित्याचा प्रभावी वापर. उत्तीर्ण.'

शाळा सुटली. रिवाजाप्रमाणं टाचणवही टाकून जायला रागिणी पेटीपाशी आली. बेबीताईंनी तिच्या हातातून वही काढून घेतली, पदराखाली धरली आणि पेटीला कुलूप ठोकलं.

"ही नाई ठेवत मी," त्या म्हणाल्या. "नक्कल कराले पोट्टे माय कुठून आणतीन?"