नाना आणि सचिनची गाडी

नानांनी मला आधी ऐकलं, मग पाहिलं. वडिलांची जुनी बुलेट घेऊन मी त्यांच्या वस्तीवर पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून पाटावर बसले होते आणि कुठल्याशा इंजिनाचे नट रॉकेलमध्ये धूत होते. मान वर न करता म्हणाले, "टॅपेट वाजत्यात. बंद करा आधी, मंग बोला." मी गाडी बंद केली. त्यांनी हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर तळवा टेकला आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "वडील वारले काय?" मी हो म्हणालो. "वाटलंच. गाडी लई दिवस उभी हुती."

श्रीरामपूरहून नेवाशाकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर, उसाच्या शेतांच्या मधोमध नानांची वस्ती. गाव त्यांना फटफटीवाले नाना म्हणायचं. शेती चांगली होती, पाणी होतं. पण त्यांचा जीव गोठ्याच्या त्या अर्ध्या भागात असायचा, जिथे म्हशी काढून त्यांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. तरुणपणी श्रीरामपूरच्या एका परदेशी फादरांची शेती ते बघायचे. फादर कायमचे मायदेशी निघाले तेव्हा आपली इंग्लिश मोटरसायकल नानांच्या हवाली करून गेले. लांबच्या प्रवासाची गाडी, रुंद सीट, दोन्ही बाजूंना कातडी पिशव्या. लग्न झाल्यावर नाना काकूंना मागे बसवून त्या गाडीवर थेट कन्याकुमारीला जाऊन आले. नऊवारीतली सून फटफटीवर बसून गेली म्हणून भावकीत बरेच दिवस बोलणं चाललं होतं. नाना सांगताना हसायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांचं काय जातंय? माझ्या कमरेला इचारा."

मग तसल्याच गाड्या जमवायचा नाद लागला. कुणाच्या परसात पडलेली, कुणाच्या गोदामात उंदरांनी पोखरलेली, अशी लांब पल्ल्याची जुनी गाडी दिसली की नाना ती टेम्पोत घालून आणायचे. पुण्या-नाशिकचे हौशी लोकही आपल्या गाड्या त्यांच्याकडे आणून टाकायचे. मी श्रीरामपूरच्या शाळेत शिकवत होतो. बुलेटच्या निमित्ताने गेलो आणि पुढे दर रविवारी जात राहिलो. पाना धर, दिवा धर, एवढंच माझं काम. त्यांच्यासाठी मी शेवटपर्यंत 'सर'च राहिलो.

गाड्या चकचकीत करायचा त्यांना मनापासून राग होता. एकदा पुण्याच्या एका डॉक्टरांनी सगळ्या लोखंडाला चांदीसारखा मुलामा चढवायला सांगितला. नाना म्हणाले, "डॉक्टर, ही म्हातारी हाय. तिला नवरीवानी नटवून कुठं मिरवायचं? चालली पायजे, बास." डॉक्टर आधी रुसले, मग गाडी तशीच घेऊन गेले आणि दरवर्षी दिवाळीला भेटायला येत राहिले.

आम्ही पाच-सहा जण मिळून फिरायलाही जायचो. खर्ड्याला गेलो तेव्हा आम्ही सगळे किल्ल्यात शिरलो. नाना बाहेर गाड्यांजवळच बसून राहिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढ्या लांब आलात आणि किल्ला नाही बघितला?" तर म्हणाले, "किल्ला कुठं पळून जातोय? इंजिनं तापल्यात, त्यांच्याजवळ कोनी नको व्हय?" त्यांना पोचण्यात रसच नव्हता. रस्ता संपला की त्यांचा चेहरा जरासा उतरायचा.

एक नियम मात्र ते कुणासाठीही मोडत नसत. दुरुस्त केलेली गाडी मालकाच्या हाती देण्याआधी ते स्वतः ती राजूरच्या अलीकडच्या घाटापर्यंत नेऊन आणायचे. चढाचं त्यांना कौतुक नव्हतं. उतार बघायचा असायचा. "चढताना समद्याच गाड्या जोर करत्यात. उतरताना थांबती का, ते बघायचं." घाट उतरून आल्याशिवाय त्यांच्या शेडमधून एकही गाडी बाहेर गेली नाही.

सचिनची गाडीही तशीच गेली होती. सचिन त्यांचा एकुलता एक मुलगा. नगरच्या एमआयडीसीत कामाला होता, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि आठवड्याला घरी यायचा. त्याच्या लग्नात नानांनी नाशिकच्या भंगारातून आणलेली एक इंग्लिश गाडी नव्याने उभी करून त्याला दिली. मनीषा, त्यांची सून, त्या गाडीवर बसूनच सासरी आली. पुढे मुलगी झाली. छकुलीला टाकीवर बसवून सचिन वस्तीभर फिरवायचा, आणि नाना मागून ओरडायचे, "हळू रे! पोरगी हाय ती, पोतं न्हाई."

गळिताच्या हंगामात एका संध्याकाळी सचिन नगरहून निघाला. राहुरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. सचिन तिच्यावर जाऊन आदळला. जागीच गेला.

पंचनामा झाला तेव्हा रस्त्यावर टायर घासल्याची खूण सापडली नाही. म्हणजे गाडीला ब्रेकच लागला नसावा, असं कुणीतरी बोललं. ते बोलणं मातीच्या वेळीच नानांच्या कानावर पडलं. मी शेजारी उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

घरात दुसरंच काहीतरी चाललं होतं, ते मला माझ्या पत्नीकडून कळलं. त्या दिवशी दुपारी छकुली तापाने फणफणली होती. मनीषाने सचिनला फोन केला होता, "लवकर या, मला भीती वाटतेय." एरवी तो उशिरा निघायचा, त्या दिवशी घाईने निघाला. मनीषाने हे एकदाच सांगितलं आणि नंतर बोलणंच सोडलं. समोर ताट ठेवलं तर ताटाकडे बघत बसायची. काकू घास भरवायच्या, तो तोंडातच राहायचा. महिन्याभरात मनीषाच्या अंगावर कपडे लोंबायला लागले. माहेरचे न्यायला आले, तर गेली नाही. छकुली जवळ आली की हात मागे घ्यायची.

पोलिसांनी गाडी सोडली ती बऱ्याच दिवसांनी. भावकीतल्या सगळ्यांनी सांगितलं, भंगारात घाला, दारात आणू नका. नानांनी ती टेम्पोतून आणली आणि शेडच्या कोपऱ्यात उभी केली. त्या रविवारी मी गेलो तर म्हणाले, "सर, हिला उभी करायची."

"कशासाठी, नाना?"

"मला बघायचंय. दसऱ्याला ब्रेकचे शू मी बसवले, केबल मी वढली. माझ्या हातानं गेला का, ते कळाय नको?"

हिवाळाभर ते काम चाललं. इतकं गप्प काम मी त्यांच्याबरोबर कधी केलं नव्हतं. पुढच्या चाकाची रिम, शॉकअप, हँडल बदलावंच लागलं. ब्रेकचा मात्र एकही भाग त्यांनी बदलला नाही. शू तेच, ड्रम तोच, केबल तीच, मागचा वाकलेला रॉड तेवढा सरळ केला. प्रत्येक भाग ते उजेडाशी नेऊन बघायचे, बोटाने चाचपायचे, पुन्हा बघायचे. एखादी चूक सापडावी म्हणून माणूस इतका धडपडताना मी पाहिला नाही. चूक सापडत नव्हती. "घाटात कळंल," एवढंच म्हणायचे.

आम्ही राजूरच्या वाटेला लागलो. पुढे ते सचिनच्या गाडीवर, मागे मी बुलेटवर. घाट चढून वर गेलो, वळलो. उतारावर त्यांनी गाडी अशी सोडली की मी मागून ओरडलो. एका वळणाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जराशी थरथरली, टायर ओरडलं आणि सरळ रेषेत उभी राहिली. त्यांनी पुन्हा वर नेली, पुन्हा सोडली. पुन्हा थांबली. तिसऱ्या खेपेला उतरून त्यांनी ती कठड्याला टेकवली आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसले.

"थांबली," ते म्हणाले. मी शेजारी टेकलो. "सर, थांबाय नको हुती हो." आणि ते रडायला लागले. सचिन गेला तेव्हा रडले नव्हते. चूक त्यांची असती तर निदान कारण तरी हाती लागलं असतं. आता काहीच नव्हतं. मुलाला ट्रॉली दिसली नाही, एवढंच. तो घाईत होता, एवढंच.

परत येताना संगमनेरच्या पुढे चहाला थांबलो. कप त्यांनी तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमी आज काय बघितलं न्हाई. घाटात आपन गेलोच न्हाई म्हना." मला तेव्हा अर्थ लागला नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा मनीषा ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला. "नाना, काय निघालं?"

नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ब्रेक लागत नव्हता, बाई. शू मी चुकीचे बसवले हुते. तो हळू आला असता तरी थांबली नसती. माझ्या हातची चूक हाय. तुझा काय संबंध न्हाई त्यात."

मनीषा त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग जी रडली, ती ओट्यावर कोसळून. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मनीषा जेवली. छकुलीला मांडीवर घेऊन जेवली. आणि त्याच दिवसापासून काकू नानांशी बोलायच्या बंद झाल्या. वाढायच्या, कपडे धुवायच्या, दुखलं-खुपलं बघायच्या. शब्द मात्र नाही. काही सांगायचं असलं तर छकुलीला सांगायच्या, "आजोबांना म्हनावं, वीजवाला आलाय."

गोष्ट गावभर झाली. बापानेच पोराला मारलं, असं लोक पारावर बसून बोलायचे. बाहेरच्या गाड्या यायच्या थांबल्या. पुण्याचे डॉक्टर दिवाळीला आले नाहीत. नानांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मी एकदा न राहवून म्हणालो, "निदान काकूंना तरी सांगा." ते म्हणाले, "तिला सांगितलं तर ती पोरीला सांगनार. बायकांचं पोटात राहत न्हाई, आन राहू बी नये. पोरगी पुन्हा ताटाकडं बघत बसंल. राहू द्या सर. मला सोसतंय." सोसत नव्हतं. ते वाळत चालले होते.

मनीषाला पुढे जवळच्या पतसंस्थेत नोकरी लागली. जायला-यायला नानांनी तिला जुनी स्कूटर नीट करून दिली, पण एका अटीवर. ब्रेक दर महिन्याला तिने स्वतः उघडून बघायचा. "दुसऱ्याच्या हातावर इस्वास ठेवायचा न्हाई. माझ्या तर न्हाईच न्हाई." चाक कसं काढायचं, शू झिजला हे कसं ओळखायचं, ते त्यांनी तिला शिकवलं. पोरगी हुशार, दोन वर्षांत शेडमधल्या कुठल्याही गाडीचं चाक उतरवायला लागली.

एका रविवारी मी गेलो तर नाना शेतात पाणी द्यायला गेले होते. शेडमध्ये मनीषा एकटीच होती. सचिनच्या गाडीवरचं कापड काढलेलं, दोन्ही चाकं उतरवलेली. तिच्या हातात ब्रेकचे शू होते.

"सर, हे बदललेले नाहीत ना? तेच आहेत?"

मी बांधाकडे नजर वळवली.

"नका बोलू. मला दिसतंय." ती शू उलटसुलट करून बघत होती. "अगदी बरोबर बसवलेत. ही गाडी थांबत होती."

एवढ्यात नाना बांधावरून आले. उघडी चाकं बघून त्यांनी हातातलं खोरं टाकलं. "कोनी सांगितलं तुला हात लावायला?" ते ओरडले. त्यांना मी तिच्यावर ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं. "ठेव ते खाली! तुला काय कळतंय?"

मनीषाने शू फडक्यावर ठेवले. तिचा आवाज शांत होता. "नाना, पोरीला ताप होता. मी तिच्या बापाला बोलावलं. तो निघाला. ह्यात माझं काय चुकलं? तेव्हा कळत नव्हतं, आता कळतंय. तुम्ही आता ते खाली ठेवा."

नाना तिथेच चिखलाच्या पायांनी उभे राहिले. ती घरात गेली. आतून तिचा आवाज येत राहिला, काकूंचा आला नाही. आम्ही दोघं शेडमध्ये एकमेकांकडे न बघता बसलो. बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या. डोळे सुजलेले. ओट्याच्या कडेला बादली ठेवली आणि म्हणाल्या, "पाय धुवा. वाढते." नानांना उठायला जमेना. मी हात दिला.

त्यानंतर त्यांना दीडेक वर्ष मिळालं. गाड्या फारशा आल्या नाहीत. लोकांना एकदा ऐकलेलं पुसता येत नाही, आणि मनीषा खरं सांगत सुटली तरी अर्ध्यांना ते सुनेचं मोठेपण वाटलं. नानांना त्याचं काही राहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर काकूंजवळ टेकलो. त्या हातातल्या पदराचं टोक गुंडाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, समदा जल्म खरं बोलला हो हा मानूस. एकदाच खोटं बोलला. आन मी तेवढंच खरं धरून बसले."

मग आतून मनीषाने हाक मारली, आणि त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.