बूस्टरवरची गेरूची रेघ

पुंजारामाचं वरच्या कॉलनीशी कधी जमलं नाही, आणि खालच्या वस्तीशीही नाही. नाशकातल्या एका टेकडीखालच्या बूस्टरवर, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या पंपघरात, तो चौऱ्याहत्तर सालापासून पंप चालवत होता. धरणाचं पाणी पायथ्यापर्यंत उतारानं आपसूक यायचं. पुढं चढ. तिथल्या जमिनीतल्या टाकीत ते साठायचं आणि पंपानं रेटलं तरच टेकडीवरच्या कॉलनीत चढायचं.

तो राहायचा खालच्या वस्तीत. तिथली यशोदाबाई नळावरून टोमणा हाणायची, "चढव बाबा, चढव. साहेबांच्या कुंड्या वाळत्यात." वरचे म्हणायचे, हा आपल्या लोकांसाठी पाणी दाबतो.

टाकीच्या आतल्या भिंतीवर, पंपाचा पाइप जिथून पाणी ओढायचा त्याच्या वीतभर वर, पुंजारामानं गेरूची रेघ ओढली होती. पाणी रेघेला टेकलं की पंप बंद. मग साहेब येवो नाही तर साहेबाचा बाप.

त्र्याऐंशीच्या एप्रिलात टाकी अर्धीसुद्धा भरेना. एका सकाळी पाऊण तासातच त्यानं पंप थांबवला. थोड्या वेळानं कॉलनीचे दहा-बारा जण उतरले. पुढं चिंतामणराव, कचेरीतले हेडक्लार्क.

"का रे, बंद का केलास?"

"पानी रेघेला लागलं, साहेब. या, वाकून बघा."

चिंतामणराव वाकले. "पाणी दिसतंय की अजून."

"त्याच्याखाली पंप हवा वढतो. जळून जाईल."

"रेघ कुणी ओढली?"

"म्याच."

"म्हणजे आमच्या घरात किती पाणी यायचं ते तू ठरवणार?" मागचे हसले. चिंतामणराव स्टार्टरकडे वळले. पुंजाराम आडवा गेला, तर दोघांनी त्याला दंडाला धरून भिंतीशी दाबला. चिंतामणरावांनी हिरवं बटण दाबलं.

दहाएक मिनिटं पंप नीट चालला. "बघ," चिंतामणराव म्हणाले. मग आवाज बदलला, पिंपात खडे खळखळवल्यासारखा. "सोडा मला," पुंजाराम म्हणाला, "आवाज ऐका त्याचा." कुणी सोडलं नाही. दांड्यापाशी धूर निघाला, कर्र झालं आणि पंप जागच्या जागी आवळून बसला. आलेली माणसं एकमेकांकडे न बघता चढ चढून गेली.

दुपारी पालिकेनं पुंजारामाला घरी बसवलं. ड्युटी त्याची, पंप त्याचा. कॉलनीच्या अर्जात एकच ओळ होती, ऑपरेटरनं हयगय केली. खाली चिंतामणरावांची ठसठशीत सही.

चौथ्या दिवशी चिंतामणराव बादली घेऊन वस्तीच्या नळावर आले. बायांनी वाट दिली नाही. पुंजाराम नळाच्या कट्ट्यावर बसला होता.

"पंपाचं कधी होईल रे?"

"मला काय इचारता? मी तं हयगय करनारा मानूस."

"बादलीभर तरी घेऊ दे."

"बटन कुनी दाबलं ते कागदावर लिहून आना. मंग दोन बादल्या घ्या. मी सोता वर आनून देतो."

चिंतामणरावांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. यशोदाबाईनं आपला हंडा नळाखाली सरकवला. रिकामी बादली चढ चढून गेली.

कागद आला नाही. पुंजारामाला गटारी उपसायच्या कामावर धाडलं. पंप दुरुस्त झाल्यावर इंजिनिअर टाकीत उतरला, मापं घेतली आणि त्याच गेरूवर लाल ऑइलपेंटची पक्की रेघ मारून घेतली.

पुंजारामाला ते नव्या ऑपरेटरनं सांगितलं. पुंजाराम तेव्हा गटारीत कमरेइतक्या गाळात उभा होता.

"बरूबर मारली का?" त्यानं विचारलं, आणि घमेलं वर ढकललं.