डोणीच्या तळातली लाल खुंटी

मी मुळात भित्रा माणूस आहे. शहरात, टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरी पावसानं जोर धरला की गॅलरीत जाऊन खाली पाणी साचलंय का ते बघून येतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं बायको मला दिवसातून एकदा तरी ऐकवते. पण ज्या भीतीबद्दल आज लिहितोय ती मी तिलाही कधी सांगितली नव्हती.

आमचा मळा बोरगावच्या पुढे, दूधगंगेच्या काठाला. मळ्यावर आई आणि थोरला भाऊ राहतात. भावाला मी अण्णा म्हणतो. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं, आजूबाजूचा ऊस बुडतो आणि आमचं घर ज्या उंचवट्यावर आहे तेवढा भाग पाण्याच्या वर राहतो. पलीकडे डांबरी रस्ता दिसत असतो, मध्ये दोन-तीन फर्लांग पाणी. लहानपणी शाळा बुडायची म्हणून आम्हाला याचा आनंद व्हायचा. पुढं आईच्या किडन्या गेल्या. दर तिसऱ्या दिवशी तिला डायलिसिसला निपाणीला न्यावं लागू लागलं, आणि मग पावसाळा नुसता जवळ आला तरी मी रोज धरणातल्या पाण्याचे आकडे बघायला लागलो.

मोठा पूर आला त्या वर्षी आम्ही तिला काहिलीतून नेलं. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची रस उकळायची लोखंडी कढई. आमच्याकडे पुरात माणसं, शेळ्या, दुधाचे कॅन, सगळं तिच्यातूनच जातं. पण काहील गोल, तिला ना पुढं ना मागं. ओढ्याच्या धारेत सापडली की भोवऱ्यासारखी फिरते. आधी सरकारी रबरी बोटीची वाट बघण्यात दोन दिवस गेले, मग धार कमी होण्यात अर्धा. आईच्या छातीत पाणी साठलं होतं. तिला आडवं होता येत नव्हतं. काहिलीचा काठ धरून, तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती, आणि काहील फिरत होती. आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच पुरानं बांधावरचा आंबा मुळासकट आडवा केला. पाणी ओसरल्यावर अण्णा त्या खोडावर बसला आणि म्हणाला, याची डोण करायची. एकाच खोडातून कोरून काढलेली होडी म्हणजे डोण. आमच्या भागात ती करणारं कुणी उरलेलं नाही. अण्णानं शोध शोध शोधून खानापूरकडचे एक म्हातारे सुतार आणले. तरुणपणी त्यांनी रानातल्या नद्यांवर अशा डोणी केल्या होत्या. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांनी पोत्यातून हत्यारं काढली: कुऱ्हाड, दोन पटाश्या, हाताचं गिरमिट आणि वाकस, म्हणजे आडव्या पात्याची छोटी कुदळच म्हणा. अण्णा मशीनची करवत आणायला निघाला होता. मशीनला जाडी कळत नाही, असं म्हणून आप्पांनी ती गोष्ट तिथंच संपवली.

जाडीचं त्यांचं शास्त्र साधं होतं. आधी खोड बाहेरून डोणीच्या आकारात तासून घ्यायचं. मग ते पालथं घालून तळाला आणि कडांना गिरमिटानं भोकं पाडायची, प्रत्येक भोक बरोबर दोन बोटं खोल. त्यात खैराच्या लाल खुंट्या ठोकायच्या. मग डोण उताणी करून आतून कोरत जायचं. पांढऱ्या आंब्यात लाल ठिपका दिसला की हात थांबला पाहिजे, कारण तिथून खाली दोनच बोटं लाकूड उरलं. आप्पांनी हे मला तीनदा सांगितलं. मी ऑफिसातला माणूस, शनिवार-रविवारी येऊन मदत करणारा, म्हणून तीनदा. अण्णाला एकदाच सांगितलं.

आई बाजेवर बसून बघायची. काम पुढं सरकेल तसा तिच्या चेहऱ्यावर रंग येतोय असं मला वाटायचं, आणि म्हणून मी जरा जास्तच जोरात घाव घालायचो.

त्या रविवारी दुपारी आप्पा जेवायला गेले होते, अण्णा उसाला पाणी पाजायला. मी एकटाच डोणीत बसून तळ कोरत होतो. मधोमध, डाव्या अंगाला लाल ठिपका लागला. मी थांबलो. पण शेजारी एक उंचवटा राहिला होता आणि तो डोळ्यांना खुपत होता. चार घावात सपाट होईल, आप्पा आले की म्हणतील, वा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिसरा घाव ओल्या लाकडावरून घसरला आणि थेट खुंटीच्या बाजूला खोल गेला. जाड ढलपी उडाली, तिच्यासोबत लाल लाकडाचा एक बोट जाडीचा तुकडा. मी तो हातात घेतला आणि माझी पाचावर धारण बसली. दोन बोटांतलं एक माझ्या तळहातावर होतं.

आता या शास्त्रातली खोट ऐका. खुंटी अर्धी कापली गेली तरी वरून ती लालच दिसते. ठिपका होता तसाच होता. मी आजूबाजूचा भाग हलक्या हातानं उतरता करून घेतला, ढलपी आणि तुकडा ओढ्यात टाकला. आप्पा आले, त्यांनी सगळ्या तळावर बोटांनी टकटक केली. पण त्यांचे कान गेलेले. त्यांनी मलाच विचारलं, सगळीकडं लाल लागलं ना? मी म्हणालो, लागलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित आप्पांनी थिगळ बसवलं असतं. पण मला दिसत होतं ते एवढंच, की खोड एक, झाड एक, आणि ते मी वाया घालवलं. अण्णाचा चेहराही दिसत होता. तो ओरडत नाही. तो नुसता बघतो, आणि मला लहानपणापासून त्या बघण्याची भीती वाटते.

डोण झाली. काजूच्या टरफलाच्या तेलाचे हात दिले, नारळ फोडला, ओढ्यात सोडली. पानासारखी तरंगली. सगळे हसत होते, मी तळाकडे बघत होतो. त्यानंतरचे सगळे महिने मी घाबरत काढले. ऑफिसात फाईल हातात घेतली की तिची जाडी बोटांनी मोजायचो. ओढ्याच्या पाण्याखाली बाभळीचे बुंधे आहेत, पाण्याच्या मोटारींचे खांब आहेत, ते एकेक आठवायचो. शनिवारी घरून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. मळ्यावर पोचलो की आई म्हणायची, आता पावसाचं भ्या न्हाय बघ. मी चहा पिऊन परत यायचो.

आषाढात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, तशी मी रजा टाकली आणि रस्ता बंद व्हायच्या आत मळा गाठला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊस दिसेनासा झाला. आईची डायलिसिसची पाळी त्याच दिवशी होती. अण्णानं डोण काठाला लावली, वल्हं घेतलं. मी म्हणालो, मीही येतो. माझा विचार असा, की निदान त्या जागेवर मी बसेन. अण्णानं डोकं हलवलं. तिघांचं वजन धारेत नको, दोघंच जायचं.

सांगितलं तर अण्णा तिला नेणार नाही. नेलं नाही तर काय होतं ते मागच्या पुरात बघितलं होतं. आणि नेलं तर मध्ये बाभळी होत्या. मी घरात गेलो. आई पदर खोचत होती. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं, वाकसाचा घाव, लाल तुकडा, आप्पांना दिलेलं खोटं उत्तर. बोलताना मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, पन्नाशीला आलेला माणूस मी.

ऐकता ऐकता तिनं पदर खोचून घेतला. संपल्यावर म्हणाली, "थोरल्याला सांगितलंस?"

"न्हाय."

"सांगूबी नगंस. वल्हवनाऱ्याला भ्या घालू नये. त्येचा हात हलला तर चांगली डोणबी बुडती."

मी म्हणालो, आपण रबरी बोटीची वाट बघू. ती म्हणाली, "मागं बघितली की वाट." मग कोपऱ्यातली वाकळ मागितली. "जागा कुठली तेवढी सांग. तिच्यावर वाकळ घालून बसतो. फुटलंच तर दाबून धरायला ईल." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखंच बोलतात.

ती मधोमध, डाव्या अंगाला, घडी केलेल्या वाकळेवर बसली, तोंड पुढं करून. अण्णा मागं वल्हं घेऊन. डोण सुटली. पाऊस थांबलेला होता, सगळं स्वच्छ दिसत होतं, तेच वाईट होतं. ओढ्याच्या धारेत डोण तिरकी झाली. एकदा ती अडखळल्यासारखी थांबली, खालून काहीतरी घासलं असणार. आई हलली नाही. अण्णानं वल्ह्याचे दोन हात जोरात मारले, डोण सुटली. पलीकडच्या काठावर ती दोघं उतरली तेव्हा मी चिखलात बसलो होतो. कधी बसलो ते कळलं नाही.

पूर बरेच दिवस राहिला. आई दर तिसऱ्या दिवशी गेली आणि आली, प्रत्येक वेळी त्याच जागेवर, त्याच वाकळेवर. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमची आई डोणीत कशी दगडासारखी बसते बघा, तिला भ्या म्हणून न्हाय.

पाणी ओसरल्यावर त्यानं तेल द्यायला डोण पालथी घातली. मी तेलाचा डबा धरून उभा होतो. तळावरून फिरता फिरता त्याचा हात एका जागी थांबला. बाभळीचा ओरखडा होता तिथं, आणि त्यात केसाएवढी काळी चीर. त्यानं अंगठा दाबला. लाकूड आत दबलं. त्यानं वर बघितलं, आणि त्या बघण्यापुढं मला काही लपवता आलं नाही. मी सांगितलं.

"आईला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

तो घरात गेला. मीही मागोमाग गेलो, मला मारलं तर मारू दे म्हणून. पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या पायथ्याशी बसला आणि तिचे सुजलेले पाय दाबायला लागला.

"कळलं व्हय?" आई म्हणाली.

"तुला भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "लई वाटलं. तुला माझी पाठ तेवढी दिसत हुती."