वत्सलात्याच्या वर्गात कुणी झोपत नाही

वत्सलात्याच्या वर्गात आजवर कुणी डुलकी काढली नव्हती. काढणार कशी? तिच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा हॉल पडवळासारखा लांबट. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग सागवानी बाक, बाकावर ओळीनं टाइपरायटर, आणि आत्या हातात लाकडी पट्टी घेऊन उभी. पट्टी बाकावर पडली की सगळ्यांनी एकदम ‘ए’. पुन्हा पडली की एकदम ‘एस’. एकेकट्यानं बडवत बसायचं तिच्याकडे चालत नसे.

“बोटं वेगळी, आवाज एक!” ती मुलांना तमिळमध्ये दरडावायची; जुन्या वळणाची मराठी फक्त आमच्या घरात. कुंभकोणमच्या आमच्या रस्त्यावर नवा माणूस आला की दचकून विचारायचा, “आत पोलिसांची कवायत चालते काय?”

इन्स्टिट्यूट आजोबांनी काढली आणि आत्यानं वाढवली. लग्नाचं म्हणाल, तर तिला पाहायला आलेल्या एका मुलाला तिनं भर बैठकीत, “बोटें दाखवा,” असं म्हटलं होतं. तो गेला तो गेलाच. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. “करंगळीला जोर नव्हता,” एवढंच म्हणाली.

पण अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तशी मुलं दारातूनच विचारायला लागली, “टीचर, कंप्युटर आहे का?” नाही म्हटलं की चप्पल न काढताच परत. तेव्हा माझे अप्पा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ सेतू, मध्ये पडले. अप्पा बँकेत. सगळ्या गोष्टींना त्यांच्याकडे अट असते. त्यांनी आत्याला कंप्युटर आणून दिला, बाकाच्या अगदी वरच्या टोकाला मानाची जागा करून बसवला आणि मग अट सांगितली.

“अक्का, हा आणि तुझीं मशीनें एका हॉलमध्यें नांदलीं पाहिजेत. नाहीं नांदलीं, तर मशीनें जातील. दुसरा हॉल आपणांस नाहीं.”

“नांदतील कीं! तुला मीच नांदवलें न्हवे?”

कंप्युटर बसवून द्यायला सुंदरेश आला. हा आत्याचाच जुना विद्यार्थी. आता गावात कंप्युटर दुरुस्त करत हिंडायचा, पण तिच्यासमोर अजून नखं लपवायचा.

“टीचर, हा सतत जागा राहिला की तापतो. तापला की अडकतो. म्हणून दोन मुलांच्या मध्ये वेळ असला की याला झोपवायचं. इथे दाबलं की झोपतो. पडदा काळा, पंखा गप्प.”

“झोपवायचं कशाला? बंदच करू.”

“बंद केला तर उठायला फार वेळ घेतो, टीचर. तोवर मुलाचा तासच संपेल.”

“म्हणजे तुझ्यासारखाच.”

तर पहिल्याच दिवशी आत्यानं त्याला झोपवला आणि लोअरची, म्हणजे टायपिंगच्या पहिल्या परीक्षेची, बॅच सुरू केली. दोन ओळी होताहेत न होताहेत तोच वरच्या टोकाला टुंग! पडदा लख्ख निळा, पंखा घरघर. आत्यानं पुन्हा झोपवला. पुन्हा टुंग. दुपारपर्यंत तो असा तापला की त्यावर डोसा टाकावा, आणि मग अडकून बसला.

“हात कुणी लावला?” आत्या कडाडली.

सगळ्यांनी दहाही बोटं वर केली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं कंप्युटरभोवती जमिनीवर रांगोळीच्या पिठाची जाड पट्टी ओढली. जो कोणी जाईल त्याचं पाऊल उमटेल. बॅच सुरू झाली. टुंग! पिठावर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं. मग संशय पालीवर गेला. पालीसाठी कीबोर्डवर परकराचं कापड शिवून घातलं. पाल भिंतीवर, कापड कीबोर्डवर, आणि कंप्युटर टक्क जागा.

शेजारच्या सुब्बलक्ष्मीमामी खिडकीतून डोकावून म्हणाल्या, “दृष्ट लागली आहे. कोहळा फोड.”

कोहळा फोडला. टुंग.

“अगं, मग सोड,” मामींनी सल्ला फिरवला. “आपल्या सारंगपाणीचं काय? भक्तानं उठून बोल म्हटलं, देव अर्धा उठला, आणि अजून तसाच आहे, धड झोपलेला नाही की धड बसलेला नाही. ज्या गावात देवाची ही गत, तिथे तुझ्या यंत्रानं कसं झोपावं?”

“देव तापून अडकत नाही, मामी.”

सुंदरेशला निरोप गेला. तो आला जेवणाच्या सुट्टीत. कंप्युटर झोपवला, हाताची घडी घालून समोर उभा राहिला. यंत्र तान्ह्या बाळासारखं गाढ. त्यानं पंख्याचं भोक पाहिलं, वायरी हलवल्या, आतल्या झोपेच्या वेळा बदलल्या, परत पहिल्यासारख्या केल्या. यंत्र ढिम्म.

“काही बिघाड नाही, टीचर.”

“तू आलास म्हणून नाही. वैद्य दारात आला की ताप उतरतो.”

“तुम्ही आत जेवायला गेलात तेव्हा उठतो?”

“नाही. मी जेवून येते तोवर झोपलेला असतो. वर्गात पाऊल टाकून पट्टी उचलली की थोड्याच वेळात उठतो.”

सुंदरेशनं नखं लपवली. “टीचर, रागावू नका. आम्हीही तसंच करायचो.”

हे अप्पांच्या कानावर गेलं आणि ते संध्याकाळी येऊन उभे राहिले.

“अक्का, ऐक. हें शाईच्या धुळीनें आणि तेलाच्या वासानें होतें. नाजूक यंत्र आहे. त्यास वेगळा हॉल लागतो. पापनाशमच्या गुरुमूर्तीस सांगतों.”

“कोण गुरुमूर्ति?”

“जुनें लोखंड घेतो तो.”

 गुरुमूर्ति लगेच येऊन गेला. दारातल्या टाइपरायटरला दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेऊ लागला.

“खाली ठेव,” आत्या म्हणाली. “ते मशीन आहे, कलिंगड नाही.”

विजयादशमीचा दिवस ठरला. तोवर कंप्युटर झोपला तर ठीक, नाहीतर गुरुमूर्ति टेंपो घेऊन येणार. आत्यानं त्या नवरात्रात बोम्मईची, म्हणजे बाहुल्यांची, पायरीसुद्धा मांडली नाही. वर्ग संपला की एकेक मशीन उघडून तेल पुसायची, कुंचल्यानं धूळ काढायची. वास नको, धूळ नको, सेतूला बोलायला जागा नको. मशीनं इतकी चकचकली की त्यांत तोंड दिसावं. कंप्युटर तरी उठायचा तो उठायचाच.

आयुधपूजेला सगळी आयुधं ठेवली. प्रत्येक मशीनला गंध, कुंकू, झेंडूचं फूल. कंप्युटरलाही, त्याच्या माऊसलाही. वर अक्षता. त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. यंत्रानं वर्षातून एकदा विसावायचं. आत्यानं पूजेआधी कंप्युटर झोपवला होता. मुलं चुरमुरे-डाळं खाऊन गेली. दुपार झाली, दिवेलागण झाली, पडदा काळाच.

अप्पा आले ते चवड्यांवर चालत. कुजबुजून म्हणाले, “झोपला आहे?”

“सकाळपासून.”

“पूजेनें?”

“तुझें काय जातें? झोपला कीं नाहीं?”

अप्पांनी हनुवटी खाजवली. “एक दिवसाचें खरें नाहीं, अक्का. उद्यां वर्ग भरला असतां बघूं.”

विजयादशमीला सकाळीच हॉल भरला. विद्यारंभाचा दिवस, म्हणून नवी मुलंही आली होती. टेंपो दारात. गुरुमूर्ति आणि अप्पा ओट्यावर पितळी डबऱ्यातून कॉफी पीत बसलेले. आत कंप्युटर झोपलेला. आत्यानं एका नव्या मुलीला बसवलं.

“तर्जनी कुठे? इथे. दाब.”

टक्. कंप्युटर झोपलेला.

“आता सगळे!” पट्टी पडली. सगळा हॉल एकदम गरजला.

टुंग!

ओट्यावर कॉफीचा डबरा खाली ठेवल्याचा आवाज आला. आत्यानं दाराकडे पाहिलंच नाही. तिनं कंप्युटर झोपवला, पट्टी उचलली.

“पुन्हा.”

टुंग. पण या वेळी आत्याचे डोळे बाकाच्या वरच्या टोकावर होते. कालच्या पूजेच्या अक्षता तिथे तशाच होत्या. मशीनं गरजली की त्या लाकडावर टणाटण उड्या मारत होत्या, आणि त्यांच्या मधोमध, कपाळाला कुंकू लावलेला माऊस थंडी भरल्यागत थरथरत होता. तो एवढासा हलला तरी कंप्युटरला वाटे, कुणीतरी बोलावतंय.

आत्यानं माऊस उचलून तळहातावर घेतला. कंप्युटर झोपवला.

“पुन्हा. जोरात!”

हॉल गरजला. पडदा काळा. आणखी जोरात. काळाच. जेवणाच्या सुट्टीत झोप का लागत होती, काल दिवसभर का लागली, सगळं त्या लाकडात होतं. आजोबांनी अभिमानानं करवून घेतलेल्या सलग बाकात आणि आत्याच्या त्या एका आवाजात.

आता गंमत बघा. गप्प राहिली असती तर? माऊस पदराखाली घेतला असता, अप्पांना काळा पडदा दाखवला असता, टेंपो परत. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल गोल काढलेली बाई ती.

“सेतू, आत ये,” तिनं हाक मारली. “गुन्हा माझ्या मशीनांचाच.”

अप्पांचा चेहरा एकदम मोठ्या मनाचा झाला. “मीं म्हटलें नव्हतें, अक्का?”

“तूं तेल म्हटलेंस, धूळ म्हटलीस. वास म्हटलास. एकही बरोबर नाहीं. बस इथें.”

“कोठें?”

“स्टुलावर. हात पुढें कर. दोन्ही.”

अप्पांच्या ओंजळीत तिनं माऊस ठेवला, चिमणीचं पिल्लू ठेवावं तसा. “हालवूं नको. श्वास हळू घे.” मग वर्गाकडे वळून, “सगळे! पहिली ओळ!”

हॉल दणाणला. खिडकीची काच वाजली, झेंडूची फुलं मशीनांवरून गडगडली, गुरुमूर्ति उंबऱ्यात कानांवर हात ठेवून उभा. कंप्युटर गाढ. अप्पा पडद्याकडे बघत होते. त्यांच्या नाकावर घाम आला. तो पुसावा म्हणून त्यांनी एक हात सोडला.

टुंग!

“सर!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

“चुकलें, चुकलें,” अप्पा पुटपुटले आणि त्यांनी हात परत जोडला. आत्यानं कंप्युटर झोपवला आणि पुन्हा दुसरी ओळ, तिसरी ओळ. पडदा काळा तो काळाच.

“आतां सांग,” आत्या म्हणाली. “एका हॉलमध्यें नांदतात कीं नाहीं?”

“मग मीं काय जन्मभर हें धरून बसूं?”

“तुला जन्मभर कोण सोसेल? उद्यां जुन्या लुगड्याची तूळी बांधतें छताच्या आंकड्यास. बाळास झोळी घालतात तशी. माऊस तींत. आज तूं धर. लोअरची बॅच आहे.”

अप्पांनी विचार केला. अट त्यांची होती, आणि बँकेतला माणूस आपल्याच अटीपुढे लाचार असतो. “नांदतात,” ते कडू तोंडानं म्हणाले.

गुरुमूर्तीचा मात्र चेहरा पडला. “असं कसं, अम्मा? विजयादशमीला मी टेंपो रिकामा परत नेऊ? शकुनाला तरी काही द्या. थोडं लोखंड.”

आत्यानं परसाकडे बोट केलं.

“परसात सेतूची स्कूटर पडली आहे. दुरुस्त करतो, दुरुस्त करतो म्हणत ठेवली, आता तिच्यावर भोपळ्याचा वेल चढला. ती ने. वेल मात्र तोडू नको.”

“अक्का! माझी स्कूटर!” अप्पा स्टुलावरून निम्मे उठले.

“सर!!” वर्ग ओरडला.

अप्पा तसेच खाली बसले, दोन्ही हातांच्या ओंजळीत माऊस, मान तेवढी परसाकडे वळवून. तिकडून लोखंड ओढल्याचा खर्र खर्र आवाज येऊ लागला, आणि आत्याची पट्टी बाकावर पडली, कारण लोअरच्या बॅचचा अजून अर्धा तास बाकी होता.